बेटावरचे म्हातारपण आणि हक्काची सवलत

मुंबई हे बेट आहे याची आठवण आपल्याला फक्त पावसाळ्यात होते. शीव-माहीमला पाणी तुंबले, गाड्या थांबल्या, की मग कळते की आपण चारी बाजूंनी पाण्यात आहोत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जमीन म्हणजे मूळची सात बेटे भरणी घालून जोडलेली. मिठी नदी ओलांडली की साष्टी सुरू होते. रोजच्या धावपळीत ही रेघ कुणाला दिसत नाही. पण हातात अर्ज घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला ती अजून आडवी येते. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. तेव्हापासून धारावीतली आजी मुंबई शहर जिल्ह्यात आणि तिची कुर्ल्यात राहणारी सख्खी बहीण उपनगर जिल्ह्यात. एकीचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या कस्टम हाऊसमध्ये, दुसरीचे वांद्रे पूर्वेला. दोघींच्या घरांत चालत जाण्याएवढे अंतर, पण एकीचा कागद दुसरीच्या दारात चालत नाही. (घारापुरीचे बेट तर मुंबईसमोर दिसते, पण कारभाराला ते रायगड जिल्ह्यात. तिथल्या म्हाताऱ्याने काय करावे हा प्रश्न वेगळाच.)

हे सर्व सांगण्याचे कारण असे. आम्ही चार-पाच मित्र दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर टेबल टाकून बसतो. आम्ही स्वतः कारकुनी करणारा माणूस. आठवडाभर फायली हलवतो आणि रविवारी लोकांचे फॉर्म भरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे घेऊन म्हातारी माणसे येतात. पिशवी उघडली की आधी लग्नाचा फोटो निघतो, मग रेशनकार्ड, मग विजेचे जुने बिल, आणि सगळ्यांत खाली जे हवे असते ते. या टेबलावर आम्ही जे शिकलो ते वाचकांसमोर ठेवत आहोत. घरात साठीच्या पुढचे कोणी असेल किंवा कोणी फौजेत होते असे असेल, तर हे पान जपून ठेवावे.

पहिली अडचण कागदाची नसते, मनाची असते. आमच्या चाळीतले एक आजोबा, उभा जन्म गिरणीत गेला. त्यांना म्हटले, "आजोबा, एसटीत तुम्हाला तिकीट लागत नाही." तर म्हणाले, "कंडक्टरपुढे हात पसरायचा का आता?" आम्ही त्यांना विचारले, "चाळीस वर्षे मीठ-मिरचीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरलात ना? मग हात पसरायचा प्रश्न येतोच कुठे?" त्यांना ते पटले की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या महिन्यात ते गावी जाऊन आले.

वयाची शिडी

सवलतींचा घोळ होतो तो वयामुळे. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या धोरणात ज्येष्ठ नागरिकाचे वय साठ धरले. पण प्रत्येक योजनेचे वय निराळे. पासष्ट पुरे झाले की एसटीत अर्धे तिकीट, पंचाहत्तर पुरे झाले की पूर्ण मोफत. सत्तरला दवाखान्याचे कार्ड. ऐंशीला पेन्शनवाढ. म्हातारपण म्हणजे एक शिडी आहे आणि पायरीपायरीवर एकेक हक्क ठेवलेला आहे. आपले म्हातारे पहिल्या पायरीवर विचारतात, "मला मिळेल का?" नाही म्हटले की परत कधी विचारत नाहीत.

एसटीची ती मोफत योजना अमृत ज्येष्ठ नागरिक या नावाने ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. राज्याच्या हद्दीत कोणत्याही एसटीने जाता येते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड चालते. कंडक्टरकडून शून्य रुपयाचे तिकीट मागून घ्यावे आणि उतरेपर्यंत सांभाळावे. पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत निम्मे भाडे. बायकांना तर १७ मार्च २०२३ पासून वय काहीही असो, निम्मेच भाडे आहे. तेव्हा साठीच्या बाईने "मी अजून पासष्टची नाही" म्हणून पूर्ण पैसे देऊ नयेत. या बेटावर एसटी पकडायची तर मुंबई सेंट्रल आणि परळ ही आगारे आहेत. मात्र एसटी वेगळी आणि बेस्ट वेगळी. अमृत योजना बेस्टच्या बसमध्ये चालत नाही. यावरून कंडक्टरशी भांडून आलेले दोन आजोबा आमच्या माहितीत आहेत, आणि दोघांनाही वाटते की कंडक्टर चुकला. मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर मे २०२३ पासून पासष्टच्या वरच्यांना मासिक पासावर २५ टक्के सूट मिळू लागली. पण ते मार्ग साष्टीतले, दहिसर-अंधेरीकडचे. परळ-नायगावच्या म्हाताऱ्याला त्याचा उपयोग काय?

रेल्वेबद्दल लोकांच्या डोक्यात अजून जुनेच आहे. साठ वर्षांच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला ५० टक्के सूट होती, ती २० मार्च २०२० रोजी करोनाच्या वेळी बंद झाली आणि पुन्हा सुरू केलेली नाही. करोना गेला, गाड्या पुन्हा गच्च भरल्या, सूट मात्र आली नाही. आमच्या मते हा म्हाताऱ्यांवर सरळ अन्याय आहे. एक गोष्ट तेवढी शिल्लक आहे. लांबच्या गाडीत खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा. साठ वर्षांचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील बायका त्यात येतात. तिकीट काढणाऱ्या मुलाने घाईत तो पर्याय निवडला नाही, तर सत्तरीची आई वरच्या बर्थला टांगली जाते. तेव्हा मुलांना हे सांगून ठेवावे.

दवाखान्याचा विषय मोठा आहे, पण थोडक्यात सांगतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत दाखल होण्याचा खर्च योजनेतल्या रुग्णालयात होतो. कुटुंबाचे आयुष्मान कार्ड आधीच असेल, तर म्हाताऱ्यांसाठी हे ५ लाख वेगळे. लागते फक्त आधार कार्ड. पण वय तेच धरतात, जे आधारवर छापले आहे. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहेच. कार्ड घरी ठेवून रुग्णाला घेऊन धावू नये. सोबत रेशनकार्ड आणि आधार असावे, आणि दाखल होतानाच योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावे. बिल झाल्यावर कार्ड दाखवून फायदा होत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

ज्यांना कोणतीही पेन्शन नाही त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजना आहेत. २०२३ मध्ये त्यांची रक्कम महिना हजारावरून दीड हजार झाली. श्रावणबाळला वय पासष्ट आणि राज्यातला रहिवास पंधरा वर्षांचा लागतो. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१ हजार. म्हणजे महिन्याला १,७५०. या बेटावर महिन्याला पावणेदोन हजारांत माणूस जगतो असे ज्या कुणी ठरवले, त्याने एकदा लालबागच्या बाजारात पिशवी घेऊन जावे. अट बदलेपर्यंत अर्ज मात्र करावाच, विशेषतः एकट्या राहणाऱ्या विधवांनी. शहरात राहत असाल तर शहर जिल्ह्याकडे आणि खाडीपलीकडे असाल तर उपनगरकडे. हे पुन्हा सांगतो, कारण सर्वांत जास्त हेलपाटे याच चुकीने पडतात. चष्मा, कानाचे यंत्र, काठी, कमोड खुर्ची यांसाठी २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्ट वर्षे आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर तीन हजार रुपये एकदा खात्यात येतात.

फौजेतली घरे

आता ज्या विषयासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला तिकडे वळतो. आपल्या समाजात फौजेची पेन्शन घराघरात होती. कोकणातले दापोली तर पेन्शनर लोकांचे कॅम्पच. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार. निवृत्तीनंतर दापोली, सातारा करीत ते शेवटी या बेटावर आले आणि परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. मग १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. सांगायचे हे, की सैन्यात जागा मिळावी म्हणून ज्यांच्या आज्या-पणज्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यांच्या घरातले लोक आज सैन्याने देऊ केलेले घ्यायलाही जात नाहीत.

आमच्या मागच्या चाळीत एक आजी राहतात. त्यांचे मालक महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते. १९७१ च्या लढाईच्या वेळी ते सैन्यात होते. निवृत्त होऊन मुंबईत आले, गिरणीच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली आणि काही वर्षांपूर्वी वारले. आजींना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. तेवढ्यावर त्या समाधानी होत्या. एका रविवारी नातवाच्या शाळेच्या दाखल्यासाठी आमच्या टेबलाशी आल्या आणि सहज म्हणाल्या, "बाळा, माझं पेन्शन तेवढंच कसं रे? शेजारच्या बाईचं वाढलंय." आम्ही वय विचारले. "चौऱ्याऐंशी झालं असंल." पासबुक पाहिले, पेन्शनचा कागद पाहिला. कागदावर त्यांच्या नावापुढे जन्मतारखेचा रकाना कोरा होता.

आता याचा अर्थ सांगतो. केंद्र सरकारच्या पेन्शनीत, आणि फौजेच्या पेन्शनीतही, वयाप्रमाणे वाढ आहे. ऐंशीला मूळ पेन्शनच्या २० टक्के, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरी गाठली तर दुप्पट. विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू आहे. १ जानेवारी २०१६ पासून किमान मूळ पेन्शन ९,००० रुपये. किमान धरली तरी ऐंशीनंतर महिन्याला १,८०० रुपये जास्त, वर महागाईभत्ता वेगळा. आजींची चार वर्षे गेली होती. अठ्ठेचाळीस महिन्यांचे, महागाईभत्ता सोडून, ८६,४०० रुपये. हा हिशेब आम्ही पासबुकाच्या मागे पेन्सिलीने मांडून दाखवला, तर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांच्या दुखण्यात काढलेलं कर्ज अजून फिटतंय."

मग सुरू झाली कागदाची पायपीट. सैन्याच्या नोंदीत आजींचे नाव होते ते माहेरचे, लहानपणी हाक मारायचे. आधारवर सासरचे नाव, आणि बँकेत तिसरेच, कारण बँकेतल्या कुणी तरी आडनाव आपल्या मनाने लिहिले होते. धर्मांतरानंतर अनेक घरांत नावे-आडनावे बदलली. त्याचे पडसाद आजही अशा रकान्यांत उमटतात. एका कार्यालयात सांगितले, "आधी नाव दुरुस्त करून आणा, मग जन्मतारीख." दुसऱ्या कार्यालयात, "आधी जन्मतारीख, मग नाव." तिसऱ्या ठिकाणी जेवणाची सुट्टी होती, ती आम्ही असेपर्यंत संपली नाही. आम्हीही कारकूनच, त्यामुळे टेबलापलीकडच्या माणसाची अडचण आम्हाला कळते. त्याच्यापुढेही फायलींचा डोंगर असतो. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला जिन्यावरून चार वेळा चढ-उतार करायला लावून एका ओळीचे उत्तर न देणे, हे कोणत्या नियमात बसते?

शेवटी मार्ग निघाला तो असा. मालकांचे डिस्चार्ज बुक आजींनी पेटीत पितळी डब्यात जपून ठेवले होते. त्यात रेजिमेंटचा नंबर स्पष्ट होता. फौजेत माणूस नावाने सापडत नाही, नंबरने सापडतो. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे प्रतिज्ञापत्र केले, सोबत आधार, मतदार ओळखपत्र आणि पेन्शनच्या कागदाची प्रत लावली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवला. माजी सैनिकांचे व विधवांचे ओळखपत्रही तिथेच मिळते. पोचपावती घेतली. ती आम्ही आग्रहाने घ्यायला लावतो. सात महिन्यांनी दुरुस्त कागद आला. थकबाकीचा काही भाग जमा झाला, उरलेल्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे. आजी या वर्षी पंच्याऐंशी पूर्ण करतील. २० चे ३० टक्के आपोआप होतात की नाही, ते आम्ही पासबुकात पाहणार आहोत.

हे एकट्या आजींचे नाही. म्हणून ज्यांच्या घरी फौजी पेन्शनर आहेत त्यांनी आज संध्याकाळीच पेन्शनचा कागद काढून तीन गोष्टी पाहाव्यात. पत्नीचे नाव आहे का, आधारवर आहे तसेच आहे का, आणि तिची जन्मतारीख लिहिली आहे का. फौजी स्वतः हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. तो गेल्यावर त्याच कामाला वर्ष लागते. फौजेची पेन्शन आता स्पर्श नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून येते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेकांचा तो नोव्हेंबरात असतो. ऐंशीच्या वरच्यांसाठी १ ऑक्टोबरपासूनच खिडकी उघडते. अंगठ्याचे ठसे झिजलेले असतील, आणि भांडी घासून, माग चालवून ते झिजतातच, तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. नातवंडे दिवसभर मोबाईल घेऊन बसतात, त्यांना हे काम सांगावे.

औषधपाण्यासाठी निवृत्त सैनिकांची इसीएचएस योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. पेन्शनर, त्याची पत्नी, आणि तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी विधवा त्यात येते. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ आहे. आमच्या टेबलावर नेहमी एक प्रश्न येतो, इसीएचएस ठेवावे की सत्तरीचे आयुष्मान घ्यावे? दोन्ही एकदम घेता येत नाहीत. आमचे मत विचाराल तर हातातले इसीएचएस घाईने सोडू नये. आयुष्मान हे मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते. इसीएचएसमध्ये रोजची गोळी-औषधेही मिळतात, आणि म्हातारपणी खर्च या रोजच्या गोळ्यांचाच असतो.

कॅन्टीनचे सर्वांना ठाऊक असते. (ठाऊक असते ते बाटलीसाठी, हे आम्ही खेदाने नमूद करतो. तेच कार्ड साबण, तेल आणि पंख्यालाही चालते.) या कॅन्टीन खात्याचे मुख्यालय याच बेटावर, चर्चगेटला महर्षी कर्वे मार्गावर आहे. निवृत्त सैनिकाला पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही साठीपर्यंत न थांबता पन्नाशीतच उघडता येते. इतरांना ती साधारणपणे साठीनंतर. २०२३ पासून त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. आपल्यापैकी कुणाकडे तीस लाख असतील तर त्याने आमच्या टेबलाशी चहा पाजायला जरूर यावे.

खरी हलाखी आहे ती पंधरा वर्षे भरण्याआधी घरी आलेल्यांची. त्यांना पेन्शन नाही, इसीएचएस नाही. गावात "फौजी" म्हणून मान, आणि मुंबईत पोराच्या दहा बाय दहाच्या खोलीत कोपरा. अशांसाठी संरक्षण मंत्रालयाच्या निधीतून दारिद्र्य अनुदान मिळते. वय पासष्टच्या वर, हुद्दा हवालदारापर्यंत, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा. महिन्याला चार हजार होते, ते १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दुप्पट, म्हणजे आठ हजार झाले. याच निधीतून मुलांच्या शिक्षणासाठी आणि मुलीच्या लग्नासाठीही मदत आहे, तीही तेव्हाच दुप्पट झाली. अर्ज पुन्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच. डिस्चार्ज बुकात सुटकेचे कारण काय लिहिले आहे ते आधी वाचावे. पुष्कळसे त्यावर ठरते. हे बुक हरवले असेल तर निराश होऊ नये, रेजिमेंटचा नंबर कुठे ना कुठे सापडतो. जुन्या पत्रावर, पदकाच्या कडेवर, नाही तर ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला. आमच्याकडे एक नंबर ट्रंकेवरूनच मिळाला.

खोलीचा कागद

एक विषय सवलतीचा नाही, पण टेबलावर दर महिन्याला येतो, म्हणून लिहितो. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. खोलीची किंमत वाढली तशी घराघरात सही घेण्याची घाईही वाढली. "आई, इथं सही कर" म्हटले की आई करते. आमचे म्हणणे इतकेच, की मुलाच्या नावाने करायचे असेल तर करावे, पण शेवटपर्यंत सांभाळण्याची अट त्या कागदात लिहून घ्यावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अशी अट असून ती पाळली नाही, तर दिलेले परत मागता येते. अट तोंडी असेल तर भांडण लांबते. त्याच कायद्याखाली पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात स्वतः अर्ज करता येतो, महिना १० हजारांपर्यंत. कुणाला घरात मारहाण, उपासमार होत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची फोनसेवा फुकट आहे. शेजाऱ्यानेही फोन केला तरी चालतो. एका भल्या सुनेने तो आपल्या दिरासाठी केलेला आम्हाला माहीत आहे. तेव्हा दर वेळी सुनांनाच बोल लावू नये.

आता एक अर्धवट राहिलेले प्रकरण सांगून थांबतो. आपल्या पिढ्यांच्या जन्मतारखा मास्तरांनी लिहिलेल्या. शाळेत नाव घालायला बाप गेला, मास्तरांनी पोराकडे पाहिले आणि १ जून लिहून टाकली. आमच्या वस्तीत १ जूनला निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो. असेच एक नाना आहेत, आठ वर्षे फौजेत काढून परतलेले. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर ते त्र्याहत्तरचे. फौजेत भरतीला उभे राहिले तेव्हा वय वाढवून सांगितले, त्यामुळे डिस्चार्ज बुकात शहात्तरचे. आणि त्यांच्या थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून ते दुष्काळाच्या साली जन्मले, पण कोणत्या दुष्काळाच्या, ते तिला आठवत नाही. एसटीच्या मोफत प्रवासासाठी त्यांना आधारवर शहात्तर हवे आहे. आम्ही त्यांना सांगितले, "नाना, आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते. घाई करू नका. आधी दारिद्र्य अनुदानाचा अर्ज डिस्चार्ज बुकावर जाऊ द्या. दोन कागदांवर दोन वये दिसली तर दोन्ही अडकतील."

नानांनी ऐकले. अनुदानाचा अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे, पोचपावती आमच्याकडे आहे. उत्तर आले की याच पानावर कळवू.